ती बैल देस

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या गावात जनावरांच्या कानाला पिवळे बिल्ले मारायला एक तरुण पोरगा आला होता. खांद्याला पिशवी, हातात मोबाईल. एकेका बिल्ल्यावर १२ आकडी नंबर. गल्लीतल्या आबांच्या दावणीला चार गायी आणि एक गोऱ्हा, सगळी डांगी जातीची. पोरगा मोबाईलमध्ये रकाने भरत विचारत होता : जात कोणती, वय किती, वेत कितवं. मग त्याने आमच्या अहिराणीत विचारलं, "आबा, कितलं दूध देस ही?" म्हणजे किती दूध देते ही.

आबा शांतपणे म्हणाले, "दूध थोडंच देस भाऊ. ती बैल देस."

पोरगा हसला. आम्हीही हसलो. आबा मात्र हसले नाहीत. "तुन्हा मोबाईलमा बैलना रकाना नही शे का?" त्यांनी विचारलं. तसा रकाना नव्हता. पोराने 'दीड लिटर' असं लिहिलं आणि तो पुढच्या दावणीकडे गेला.

तेव्हापासून हा रकाना माझ्या डोक्यातून जात नाही. देशी गाय वाचवायची म्हणून राज्यात एवढा गजर चाललाय, पैसाही सुटतोय. पण ज्या मापाने तिला मोजतोय त्या मापात डोंगरातली गाय बसतच नाही. आणि मापात न बसलेली वस्तू सरकारदरबारी नसल्यासारखीच असते.

आमचं गाव साक्री तालुक्याच्या पश्चिमेला, पिंपळनेरच्या पुढे, जिथून डोंगर डांगाच्या दिशेने चढायला लागतात. धुळे शहरात पावसाळा सहाशे मिलिमीटरच्या आत-बाहेर उरकतो. आमच्याकडून पश्चिमेला जसजसं सरकावं तसा तो वाढत जातो आणि घाटमाथ्यावर त्याला धरबंद राहत नाही. खानदेश म्हटलं की बाहेरच्यांना केळी, कापूस आणि भरीत आठवतं. या कडेला मात्र भात आहे, नागली आहे, वरई आहे, आणि तिरपी शेतं आहेत. या शेतांसाठी घडलेलं जनावर म्हणजे डांगी. ज्या डांगावरून तिला नाव पडलं, तो आज गुजरातेत आहे. पण इंग्रजांच्या काळात तिथला कारभार खानदेशच्या कलेक्टरच्या हाताखाली चालायचा. १८४२ मध्ये इंग्रजांनी तिथली जंगलं भाडेपट्ट्याने घेतली आणि साग तोडून बाहेर काढायला सुरुवात केली. ते लाकूड चिखलातून, नाल्यातून, चढावरून ओढणं हे या बैलांचं जुनं काम.

डांगीचं अंग पाहिलं की ती कशासाठी घडली ते कळतं. मध्यम बांधा, पांढऱ्यावर काळे किंवा तांबडे ठिपके. ठिपक्यांच्या ठेवणीवरून पारा, बाहाळी, मनेरी अशी नावं. कातडीला एक तेलकटपणा असतो. बोट फिरवलं तर जाणवतो. त्यामुळे दिवसभर झोडपणाऱ्या पावसात पाणी अंगावरून निथळून जातं आणि जनावर गारठत नाही. खूर काळे, गारगोटीसारखे टणक. मोठं डौलदार जनावर आमच्या भातखाचरात दोन तासांत बसेल; डांगी बैल गुडघाभर चिखलात चिखलणी करून संध्याकाळी स्वतःच्या पायाने डोंगर चढून घरी येतो. गाय तर आणखी काटक. सकाळी सोडली की डोंगरावर जे मिळेल ते खाते, संध्याकाळी परत येते. ढेप नाही, मुरघास (मुरवलेला हिरवा चारा) नाही. भरल्या पावसाळ्यात घरापुरतं दूध देते, चैत्रात आटते. अख्ख्या वेतात काही शे लिटर दूध झालं तर भलं.

पशुवैद्यकाच्या पुस्तकात अशा जनावराला 'दुहेरी उपयोगाची जात' म्हणतात. हा शब्द ऐकला की लोकांना वाटतं, म्हणजे दूधही मध्यम, कामही मध्यम. ना इकडची ना तिकडची. खरा अर्थ वेगळा आहे. गाय व्यायली की निम्म्या वेळा कालवड होते, निम्म्या वेळा गोऱ्हा. दुधाच्याच जातीत गोऱ्हा जन्मला की घर हिरमुसतं. दुहेरी जातीत कालवड झाली तरी बरं आणि गोऱ्हा झाला तरी बरं, किंबहुना गोऱ्हा झाला तर जास्त बरं. तो वासरू असताना आईचं बरंचसं दूध पितो, म्हणून आपल्या पदरी कमी पडतं. ते दूध वाया जात नाही, बैलात साठतं. माझ्या बहिणीच्या लग्नाला वडिलांनी गोऱ्ह्यांची जोडी विकली होती. त्या लग्नाचा खर्च कुठल्या दूध संकलन केंद्रात मोजला गेला असता?

आता सरकारची बाजू बघा. राष्ट्रीय गोकुळ मिशन २०१४ च्या डिसेंबरात सुरू झालं. देशी गोवंशाचं संवर्धन हा त्याचा जाहीर हेतू. त्याच मिशनखाली आता लिंगनिर्धारित वीर्यमात्रा सवलतीत मिळतात, ज्यातून शंभरात नव्वदच्या आसपास कालवडी जन्माव्यात अशी योजना आहे. दूधधंद्याच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे, आणि जिथे गोऱ्हा रस्त्यावर सोडला जातो तिथे ती दयाबुद्धीचीही म्हणता येईल. पण ज्या जातीचं सगळं मोल गोऱ्ह्यात आहे, तिच्या संवर्धनाच्या मिशनने गोऱ्हा जन्मालाच येऊ नये याची तजवीज करावी, यातली गंमत कुणाच्या लक्षात येते की नाही? आम्ही एकदा जवळच्या दवाखान्यात डांगीची वीर्यमात्रा आहे का म्हणून विचारायला गेलो. उत्तर आलं, "गीर आहे ना. देशीच आहे." गीर देशी आहेच. सौराष्ट्राची आहे. तिचं रूप देखणं, दूध चांगलं. पण 'देशी' ही काही जात नव्हे. आमच्या डोंगरावर चार महिने पावसात उभं राहणं आणि सौराष्ट्रातल्या कोरड्या माळावर चरणं हे एकाच कातडीचं काम नाही. होल्स्टीन या परदेशी दुधाळ जातीच्या संकराने जे केलं तेच गीर आणि साहिवाल 'सुधारणे'च्या नावाखाली करतील, फक्त कुणी तक्रार करणार नाही, कारण कागदावर सगळं स्वदेशी असेल.

आकडे या चालीशी जुळणारेच आहेत. २०१९ च्या पशुगणनेत देशातली देशी गुरं २०१२ च्या तुलनेत सुमारे ६ टक्क्यांनी कमी झालेली दिसली, आणि विदेशी-संकरित जवळपास २७ टक्क्यांनी वाढलेली. महाराष्ट्रात एकूण गोवंशच सुमारे १० टक्क्यांनी घटला. या घटीत डोंगरातल्या गायींचा वाटा किती हे शोधायला गेलं तरी हाती लागेल ते 'गावरान' या एका गाठोड्यात बांधलेलं. जुन्या पुस्तकांत खिल्लारची एक शाखा 'तापी खिल्लार' म्हणून नोंदलेली आहे, सातपुड्याच्या पायथ्याची, खानदेशची. आज गुरांच्या बाजारात कुणाला हे नाव विचारून बघा.

आता ३० सप्टेंबर २०२४ चा शासननिर्णय. देशी गाय 'राज्यमाता-गोमाता' म्हणून जाहीर झाली. त्यात विभागवार जातींची उदाहरणं दिली आहेत : मराठवाड्यात देवणी आणि लाल कंधारी, पश्चिम महाराष्ट्रात खिल्लार, विदर्भात गवळाऊ, आणि उत्तर महाराष्ट्रात डांगी. आमच्या आबांच्या दावणीचं नाव सरकारी कागदात आलं म्हणून मला बरंच वाटलं. त्याच दिवशी गोशाळांमधल्या देशी गायींसाठी दर गायीमागे दिवसाला ५० रुपये अनुदानाचा निर्णय झाला. वर्षाचे झाले १८,२५० रुपये. त्याच वर्षी दूध उत्पादकांना गायीच्या दुधामागे लिटरला ५ रुपये, पुढे ७ रुपये अनुदान मिळत होतं; त्यासाठी कानात तोच १२ आकडी बिल्ला लागत होता.

या दोन्हींच्या मध्ये आबांची गाय कुठे आहे? ती संकलन केंद्रावर दूध घालत नाही, म्हणून लिटरमागचे पैसे नाहीत. ती गोशाळेत नाही, कारण आबांनी तिला टाकलेली नाही, म्हणून दिवसाचे ५० रुपयेही नाहीत. म्हणजे गाय भरपूर दूध देत असेल तर पैसा आहे, आणि मालकाने सोडून दिली असेल तर पैसा आहे. सांभाळणाऱ्याला काही नाही. मी गोशाळांच्या विरोधात नाही. म्हाताऱ्या, जखमी, अनाथ जनावरांना कुणीतरी ठेवायलाच हवं. पण गोशाळेत जात टिकत नाही. तिथे गायी टिकतात. जात टिकते ती विण्याने, निवडीने, कुठला गोऱ्हा वळू म्हणून राखायचा आणि कुठला खच्ची करून जुवाला लावायचा या निर्णयाने. तो निर्णय डोंगर माहीत असलेला माणूस घेतो. शहराच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये सिमेंटवर उभ्या असलेल्या डांगीच्या खुराचा टणकपणा कोण तपासणार?

इथे एक नाजूक विषय येतो आणि तो टाळला तर लेख खोटा ठरेल. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्यापासूनच बंदी होती. बैल आणि वळू दाखला घेऊन कापता येत. २०१५ च्या दुरुस्तीने तेही बंद झालं. हा कायदा चांगला की वाईट यावर लोकांनी पुष्कळ रक्त आटवलं आहे, मी त्यात भर घालत नाही. मला फक्त हिशेब मांडायचा आहे. आमच्या वडिलांच्या काळी शेतकरी म्हातारी जोडी बाजारात विकायचा, त्यात थोडी भर घालायचा आणि उमेदीची जोडी घ्यायचा. म्हाताऱ्या जोडीची किंमत हे नव्या जोडीचं भांडवल होतं. ते भांडवल गेलं. आता म्हातारा बैल मरेपर्यंत सांभाळायचा म्हणजे चार-पाच वर्षांचा चारा. ज्याला हे झेपत नाही तो पहिल्यापासूनच बैल ठेवत नाही. तो ट्रॅक्टरवाल्याला तासाचे पैसे देतो, आणि दुधासाठी म्हैस घेतो, जिला ही बंदी लागू नाही. राज्याने एक दार बंद केलं. ते कुणाच्या श्रद्धेसाठी असेल, असू दे. पण त्या बंद दाराची किंमत बैल पाळणारा भरतो आहे. दिवसाचे ५० रुपये ही खरं तर त्याचीच भरपाई. ती निघाली, पण पत्ता चुकला.

मग कुणी म्हणेल, द्या की आबांनाही गायीमागे ५० रुपये. मला तेही पटत नाही. गायीमागे रोख पैसे दिले की दुसऱ्या दिवशी सगळ्या गायी डांगी होतात. खानदेशात आम्ही एवढे भोळे नाही. पैसा द्यायचा तर चराईला द्या.

कारण डोंगरातल्या गायीचा खरा शत्रू संकरित गाय नाहीच. ती बिचारी शेडमध्ये बसून असते. खरा प्रश्न गवताचा आहे. आमच्या लहानपणी गावाची गुरं सकाळी एका जागी जमायची, त्यांना गुराखी घेऊन जायचा, घरटी त्याला धान्य मिळायचं. माळावर पवन्या, मारवेल, कुसळी. आज त्या माळाचं काय झालं बघा. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. साक्री तालुक्यातच शिवाजीनगरला १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात कृषिपंपांसाठी सौर प्रकल्प उभारायला सरकारी जमिनी दिल्या जातात, त्यात गायरानंही आहेत. दिवसा वीज मिळावी ही शेतकऱ्याची किती वर्षांची मागणी. तिला नाही कोण म्हणेल? पण त्या कागदावर गायरानाचं वर्णन 'उपलब्ध जमीन' असं होतं. उपलब्ध कुणाला? तिथे चरणाऱ्या गायीला ती आधीच उपलब्ध होती. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात गावांच्या सामाईक जमिनी परत मिळवण्याचे आदेश राज्यांना दिले. त्यानंतर अतिक्रमण हटवण्याची चर्चा खूप झाली, पण ती प्रामुख्याने गरिबांच्या झोपड्यांभोवती फिरली. राज्यमातेच्या पायाखालची जमीन राज्यच दुसऱ्याला देतं, यावर गोभक्तांचा मोर्चा निघालेला मी तरी पाहिला नाही.

दुसरी अडचण आमच्याच बाजूची, म्हणून सांगायला जड जाते. ज्या गावांनी डोंगर हिरवे केले, त्यांचा आम्हाला आदर आहे. हिवरे बाजारने कुऱ्हाडबंदीबरोबर चराईबंदी केली आणि त्याचं फळ सगळ्यांनी पाहिलं. आमच्या तालुक्यातल्या बारीपाड्याने चारशेहून जास्त हेक्टर जंगल गावाच्या हिमतीवर राखलं. २०२५ मध्ये बारीपाड्याच्या चैत्राम पवारांना पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्या तालुक्याची छाती फुगली. अशा यशांमुळे पाणलोटाच्या प्रत्येक कार्यशाळेत 'चराईबंदी' हा शब्द पसायदानासारखा म्हटला जातो. उजाड डोंगराला काही वर्षं विसावा हवाच. पण कायमची बंदी म्हणजे गाय दावणीला, दावणीची गाय म्हणजे विकतचा चारा, आणि विकतचा चारा खाणारी गाय दूध किती देते हेच विचारलं जाणार. चराईबंदीच्या गावात काही वर्षांत संकरित गायी का वाढतात, याचं उत्तर या साखळीत आहे. त्या गावांनी चूक केली असं मी म्हणत नाही. त्यांचं उत्तर त्यांच्या डोंगराला लागू पडलं. बंदीच्या जागी पाळी आली असती, म्हणजे डोंगराचे चार भाग करून दरसाल एक भाग मोकळा ठेवला असता, तर चारा आणि गाय दोन्ही राहिली असती का? हा प्रयोग आमच्याकडे करून पाहण्यासारखा आहे.

कायद्याची अडचण नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात, कलम ३ मध्ये, सामूहिक हक्कांत चराईचा हक्क स्पष्ट लिहिला आहे, एका जागी राहणाऱ्यांचाही आणि हंगामी भटकणाऱ्यांचाही. धुळे-नंदुरबारच्या डोंगराळ गावांत सामूहिक वनहक्काचे दावे झाले, मंजूर झाले, व्यवस्थापनाचे आराखडे झाले. अशा आराखड्यांत बांबू असतो, मोह असतो, तेंदू असतो, तळं असतं. गायीचा चराईचा रस्ता कितीशा आराखड्यांत असतो, हे ज्याने त्याने आपल्या गावचा कागद काढून बघावं. आमच्या शेजारच्या गावाचा मी पाहिला. नव्हता.

इथे एक परदेशी उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही. फ्रान्समध्ये आल्प्सच्या सावोआ भागात तारांतेझ नावाची तांबूस, काळ्या खुरांची, डोंगर चढणारी गाय आहे. एके काळी ती दूध, मांस आणि ओझं ओढणं अशा तिन्ही कामांची. तिच्या आणि आबोंदांस नावाच्या दुसऱ्या डोंगरी जातीच्या दुधापासून बोफोर चीज करतात. १९६८ मध्ये त्या चीजला नावाचं संरक्षण मिळालं. नियम असे की दूध याच दोन जातींचं हवं, मुरघास चालायचा नाही, आणि कळपाची सरासरी गायीमागे वर्षाला ५,००० किलोच्या वर जाता कामा नये. नीट वाचा : वर जाता कामा नये. आपण दूध वाढवा म्हणून पैसे देतो. त्यांनी दुधाला वरची हद्द घातली, म्हणजे गाय शेडमध्ये जाणार नाही, कुरणावरच राहील. ५,००० किलो म्हणजे आमच्या डांगीच्या दहा वेतांचं दूध झालं, तेव्हा बरोबरी करण्यात अर्थ नाही. शिवाय तिकडच्या गायीचा दुसरा उपयोग आज मांस आहे आणि आमचा बैल. मांसाचा रस्ता आपल्याकडे बंद आहे. नक्कल करा असं मी म्हणत नाही. पण जात टिकवायची तर तिच्या जगण्याची रीत टिकवावी लागते, आणि ती रीत नियमात लिहावी लागते, एवढं तिथून घेण्यासारखं आहे.

आता माझ्याच विरोधात बोलतो. डोंगरावरच्या गायीचं गाणं गाणाऱ्या बहुतेकांनी ढोरं राखलेली नसतात. मी थोडी राखली, माझ्या काकांनी पुष्कळ. काका चौथीतून शाळा सोडून आमच्या घरची ढोरं वळायला लागले आणि त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे वडील, शिकले. मी आज हा लेख लिहू शकतो तो एका अर्थी काकांच्या पाचवीच्या बदल्यात. म्हणून पारंपरिक पशुपालनाचं कौतुक ऐकलं की मला आधी काकांची पायातली नसलेली चप्पल आठवते. आजची पोरं फुकटात गुरं वळणार नाहीत आणि त्यांनी वळूही नयेत. हेच त्या संकरित गायीबद्दल. जळगाव-धुळ्याच्या कितीतरी घरांत बाईच्या हातात दर दहा दिवसांनी येणारा पहिला स्वतःचा पैसा दुधाचा आहे. तिला उतारवयाचा माणूस 'आपली गावरान गाय बरी' असं सांगायला लागला तर तिने त्याला दाराबाहेर काढावं.

शिवाय देशी गाय म्हणजे रोग होत नाही, हेही बोलणं बंद करूया. २०२२ मध्ये लम्पी रोगाची साथ महाराष्ट्रात पहिल्यांदा दिसली ती आपल्याच खानदेशात, जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यातल्या चिनावलला. त्या साथीत देशी गुरंही मेली, गुजरात-राजस्थानात तर फार मेली. गोचीड तापात संकरित जनावर लवकर आडवं होतं, देशी तग धरतं, हे खरं. पण तेवढ्यावरून चमत्काराच्या गोष्टी रचू नयेत. गोमूत्राच्या बाटल्यांवर जात वाचणार असती तर एव्हाना वाचली असती.

आणि ट्रॅक्टर. सपाटीवर ट्रॅक्टर जिंकला आहे, तिथे बैलाची वकिली करण्यात अर्थ नाही. कापसात कोळपणीसाठी बैल टिकून होता, कारण झाडं वाढली की ट्रॅक्टर शिरत नाही. तणनाशक सहन करणारं चोरटं बियाणं आलं आणि कोळपणीही गेली. राहता राहिला डोंगरउतार. तिथली खाचरं तुकड्यांची, बांध उंच, रस्ता नाही. तिथे बैल आजही सोयीचा आहे, आणि ही सोय भावनेची नाही. म्हणून माझं म्हणणं सगळ्या खानदेशासाठी नाहीच. पश्चिम साक्री, नवापूर, अक्राणी-अक्कलकुव्याचे डोंगर, यावल-रावेरच्या वरचा सातपुडा, एवढाच पट्टा घ्या. या पट्ट्यात ज्या त्या डोंगराचं जे जनावर आहे ते राखा. बाकी ठिकाणी ज्याने त्याने आपापला हिशेब करावा.

चराईला पैसा द्यायचा तर किती, हा आमच्या पट्ट्याचा हिशेब आम्ही करून पाहिला. गोशाळेतल्या गायीला दिवसाला ५० रुपये. त्यातले फक्त १० रुपये डोंगरावर चरणाऱ्या गायीमागे धरा. आमच्या गावात चरायला जाणारी साठेक गुरं आहेत. दिवसाचे झाले ६०० रुपये. २०२४-२५ मध्ये रोजगार हमीची मजुरी २९७ रुपये होती. म्हणजे दोन गुराख्यांची रोजी निघते आणि सहा रुपये उरतात. गुराखी म्हणजे अर्धवट शाळा सुटलेलं पोर नाही. मोठा माणूस, हजेरीपटावर नाव असलेला, पायात बूट आणि अंगावर रेनकोट असलेला. कुठल्या भागात गुरं न्यायची, कुठला भाग या साली बंद, हे ग्रामसभा ठरवणार आणि तो पाळणार. गोऱ्हा, कालवड, व्यायलेली, भाकड, याची वही तोच ठेवणार. मग ही जात किती उरली हे कळायला कुणाला कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोतून इथवर यावं लागणार नाही. पैसा गायीच्या नावाने मालकाच्या खात्यात जात नाही, त्यामुळे रातोरात गायी डांगी होण्याचा धोकाही कमी.

राहिला वळू. पूर्वी गावचा वळू मोकळा असायचा, कुणाच्याही शेतात तोंड घातलं तरी त्याला कुणी काठी मारायचं नाही. आता ज्याच्या शेतात शिरेल तो पोलीस पाटलाकडे जातो, आणि त्याचंही चुकत नाही, तारेचं कुंपण फुकट येत नाही. दर तीन वर्षांनी वळू बदलायला हवा, नाहीतर लेकीवरच बाप चढतो आणि जात खंगते. तेव्हा शेजारच्या चार गावांनी मिळून चार वळू ठेवावेत आणि फिरते ठेवावेत, असं आबांचं म्हणणं आहे. खुराक कुणी द्यायचा, नुकसान कुणी भरायचं, आणि पहिलं वर्ष कुठल्या गावाचं, हे ठरायचंय.

पोयाच्या, म्हणजे बैलपोळ्याच्या, दुसऱ्या दिवशी आम्ही चार गावचे लोक मारुतीच्या पारावर बसलो होतो. गुराख्याच्या मजुरीवर अर्ध्या तासात एकमत झालं, ठराव कसा लिहायचा तेही ठरलं. वळूवरून मात्र असं भांडण जुंपलं की चहा गार झाला. पुढची बैठक आता दिवाळीनंतर आहे. आबांनी तोवर आपला गोऱ्हा खच्ची न करता ठेवला आहे.